मोटरसायकलचे इंजिन : मळ, तेल आणि उष्णता

भारतातल्या रस्त्यांवर सर्वाधिक दिसणारे मोटरसायकलचे इंजिन शंभर सीसीच्या आसपासचे, एकाच सिलिंडरचे आणि वाऱ्याने थंड होणारे आहे. हीरो होंडाची सीडी १०० ही गाडी १९८५ मध्ये आली आणि १९९४ मध्ये स्प्लेंडर. दोन्हींत ९७.२ सीसीचे, जवळजवळ आडवे बसवलेले इंजिन होते. सिलिंडरचा व्यास ५० मिलिमीटर आणि पिस्टनची धाव ४९.५ मिलिमीटर. दूध घालणारे, पोस्टमन, शिक्षक, शेतकरी अशा सगळ्यांनी या मापाच्या इंजिनावर लाखो किलोमीटर काढले. त्यातली काही इंजिने ८० हजार किलोमीटरला न उघडता चालतात, तर काहींचे बोअर-पिस्टन ३० हजारांतच बदलावे लागते. कारखान्यातून दोन्ही सारखीच निघालेली असतात. फरक पडतो तो बहुतेक वेळा तीन गोष्टींनी : इंजिनात किती धूळ गेली, तेल कोणत्या अवस्थेत होते आणि उष्णता बाहेर पडायला वाट होती की नाही. या प्रकरणात हेच साधे इंजिन नमुना म्हणून घेतले आहे. मोठ्या गाड्यांचे वेगळेपण जिथे महत्त्वाचे आहे तिथे त्याचा उल्लेख येईल.

बाहेरची धुलाई

पेट्रोल जळून जी उष्णता निर्माण होते, तिचा साधारण चौथा हिस्साच चाक फिरवण्याच्या कामी येतो. उरलेली काही सायलेन्सरमधून जाते आणि काही इंजिनाच्या अंगातून बाहेर पडावी लागते. सिलिंडर आणि हेडवर ज्या पातळ पट्ट्या, म्हणजे फिन, ओतलेल्या असतात त्या याच कामासाठी. वाऱ्याला लागणारा पृष्ठभाग त्यांच्यामुळे कित्येक पटींनी वाढतो. फिनांमधल्या फटीत माती बसली की हा सगळा फायदा जातो, कारण वाळलेली माती उष्णता अडवते. आडव्या इंजिनात हेड थेट पुढच्या चाकाच्या मागे येते. त्यामुळे मडगार्डचा खालचा रबरी पडदा तुटला असेल, तर पावसाळ्यात चाकाने उडवलेला चिखल थेट हेडवर जाऊन बसतो. काळ्या रानातली चिकण माती तर एकदा भाजली गेली की खरवडल्याशिवाय निघत नाही. घाटात दुसऱ्या गिअरवर चढताना गाडी मरगळते आणि इंजिनातून खडखड येते, तेव्हा पेट्रोलला दोष देण्याआधी फिनांकडे पाहावे.

इंजिन धुण्याआधी ते पूर्ण थंड झालेले असावे. लांबून आलेल्या गाडीला निदान अर्धा तास द्यावा. तापलेल्या ॲल्युमिनियमवर एकदम गार पाणी पडले तर धातू असमान आकसतो आणि हेडची बैठक बिघडण्याची किंवा फिनेला तडा जाण्याची शक्यता असते. शिवाय गरम इंजिनावर लावलेला साबण तिथेच वाळून डाग सोडतो. सायलेन्सरच्या तोंडाला प्लास्टिकची पिशवी बांधावी आणि एअर फिल्टरच्या तोंडावर फडके घालावे. आधी साध्या पाण्याने माती भिजवावी आणि दहा मिनिटे तशीच सोडावी. मग गाड्यांच्या शाम्पूचे पाणी आणि लांब दांड्याचा ब्रश घेऊन फिनांच्या आत शिरावे. सिलिंडर आणि हेडच्या जोडाखालच्या अरुंद जागेसाठी जुना टूथब्रशच सर्वांत कामाचा. तिथे पत्र्याची पट्टी किंवा स्क्रू-ड्रायव्हर घालू नये, फिनेची कड सहज मोडते.

गॅरेजमध्ये रॉकेल किंवा डिझेलची पिचकारी मारून इंजिन धुण्याची पद्धत जुनी आहे. ग्रीस आणि तेलाचा चिकटा त्याने झटपट निघतो यात शंका नाही. पण रबरी नळ्या, ऑइल सील आणि वायरींचे वेष्टन यांवर ते पुन्हा पुन्हा पडले की रबर फुगते व मऊ होते. फटीत राहिलेला तेलकट थर नवी धूळ धरून ठेवतो, आणि जवळ ठिणगी असेल तर आगीचा धोका आहेच. अगदी घट्ट चिकटा असेल तिथेच फडक्यावर थोडे रॉकेल घ्यावे आणि लगेच साबणाने धुऊन टाकावे. बाजारातल्या काही स्वस्त क्लीनरमध्ये कॉस्टिक सोडा असतो. तो ॲल्युमिनियमवरचा संरक्षक थर खाऊन टाकतो आणि इंजिन काळपट पडते. हा काळेपणा मग सहजासहजी जात नाही.

सर्व्हिसिंग सेंटरवरच्या दाबाच्या पाण्याबद्दल विशेष सावध राहावे लागते. त्या फवाऱ्याचे पाणी प्लगच्या कॅपमध्ये, वायरींच्या जोडांत, कार्बोरेटरच्या सांध्यांत आणि चाकांच्या बेअरिंगमध्ये शिरते. धुतल्यावर गाडी मिसिंग करू लागते ती बहुधा यामुळेच. काही इंजिनांत प्लग एका खोल खळग्यात बसवलेला असतो आणि त्यातले पाणी निघून जावे म्हणून हेडच्या कडेला एक बारीक भोक ठेवलेले असते. ते मातीने बुजले असेल तर पाणी खळग्यातच साचते आणि प्लगचे आटे गंजतात. एक तार घालून ते भोक मोकळे करण्याचे काम क्षणाचे आहे, पण सहसा कोणी करत नाही.

धुलाईचा मोठा फायदा दुसऱ्या दिवशी दिसतो. इंजिन स्वच्छ आणि कोरडे करून तीस-चाळीस किलोमीटर चालवले की तेल कुठून झिरपते ते नेमके कळते : हेडच्या पॅकिंगमधून, क्लच कव्हरच्या कडेने की ड्रेन नटापाशी. मळलेल्या इंजिनावर हे कधीच समजत नाही. सबंध खालचा भाग तेलकट झालेला असतो आणि मग मेकॅनिक अंदाजाने दोन-तीन पॅकिंग बदलून मोकळा होतो.

हवा

एक लिटर पेट्रोल पूर्ण जळायला वजनाने त्याच्या सुमारे पावणेपंधरा पट हवा लागते. आकारमानात सांगायचे तर जवळजवळ नऊ हजार लिटर. म्हणजे रोज अर्धा लिटर पेट्रोल खर्च करणारी गाडी महिन्याला लाखभर लिटरहून अधिक हवा ओढून घेते, आणि ही हवा रस्त्यावरची, ट्रकच्या मागची, खडीच्या कच्च्या वाटेवरची असते. धुळीतले वाळूचे कण इंजिनातल्या बहुतेक पोलादी भागांइतके किंवा त्याहून कठीण असतात. ते पिस्टनच्या रिंगा आणि सिलिंडरची भिंत यांच्यामध्ये सापडले की घासणीचे काम करतात. सिलिंडर झिजतो, रिंगांच्या बाजूने तेल वर येऊन जळू लागते, आणि सायलेन्सरमधून निळसर धूर दिसतो. मेकॅनिकच्या भाषेत ‘गाडी तेल खायला लागली’. तिथून पुढे कोणतीही सफाई उपयोगाची नसते. म्हणून देखभालीच्या सगळ्या कामांत एअर फिल्टरचे काम स्वस्तात स्वस्त आणि फायद्याने सर्वांत मोठे आहे.

फिल्टर दोन प्रकारचे असतात आणि त्यांची निगा वेगळी असते. स्पंजचा, म्हणजे फोमचा, फिल्टर धुता येतो. साबणाच्या कोमट पाण्यात तो दाबून धुवावा, पिळू मात्र नये, नाहीतर फाटतो. सावलीत पूर्ण वाळल्यावर त्यावर थोडे तेल टाकून मुठीत दाबावे आणि जास्तीचे तेल निथळू द्यावे. हा तेलाचा ओलावाच बारीक धूळ पकडतो, म्हणून कोरडाच बसवलेला फोम अर्धवट काम करतो. घडीच्या कागदाचा फिल्टर मात्र धुवायचा नसतो. त्यातल्या अनेक कागदांवर कारखान्यातच चिकट तेलाचे लेपन केलेले असते. त्याला हवेचा झोत मारला की धूळ कागदात आणखी खोल जाते किंवा कागदाला सूक्ष्म छिद्रे पडतात. असा फिल्टर कंपनीच्या पुस्तिकेत दिलेल्या अंतरावर बदलायचा, आणि धुळीच्या रस्त्यावर त्याच्याही आधी.

फिल्टर नवा असूनही धूळ आत जाण्याची एक वाट राहते. फिल्टरच्या डब्यापासून कार्बोरेटरपर्यंत जाणारी रबरी नळी सात-आठ वर्षांत कडक होते, तिच्या घडीत चीर पडते किंवा तिची पट्टी सैल राहते. अशा फटीतून गेलेली हवा अजिबात गाळलेली नसते. नळी हाताने वाकवून तिच्या घड्या उजेडात पाहाव्यात. फिल्टर काढून टाकल्याने पिकअप वाढतो, असे काही तरुण चालक मानतात. आवाज वाढतो आणि त्यामुळे तसे वाटते. सिलिंडर मात्र काही महिन्यांत कामातून जातो.

पेट्रोल आणि प्लग

एप्रिल २०२० पासून बीएस-६ नियम लागू झाले आणि नव्या मोटरसायकलींतून कार्बोरेटर जवळजवळ हद्दपार झाला. त्याच्या जागी इंजेक्टर आला. तो घरी उघडायची वस्तू नाही. त्याची सफाई यंत्रावरच होते. पण जुन्या गाड्या कोट्यवधी आहेत आणि त्यांच्या कार्बोरेटरला निगा लागते. गाडी महिना-दोन महिने उभी राहिली की तळभांड्यातले पेट्रोल उडून जाते आणि मागे पिवळट, चिकट थर राहतो. धीम्या गतीची जेट इतकी बारीक असते की तेवढ्याने ती बुजते. मग गाडी चोकवर चालते आणि चोक काढला की बंद पडते. जेट पितळेच्या असतात, त्यांच्या भोकात तार किंवा सुई घालू नये. भोक किंचित मोठे झाले तरी मिश्रण बिघडते आणि ॲव्हरेज कायमचे उतरते. कार्बोरेटर क्लीनरमध्ये भिजवून हवेच्या झोताने मोकळी करणे हाच मार्ग. गाडी बरेच दिवस उभी ठेवायची असेल तर तळभांड्याचा ड्रेन स्क्रू सोडून पेट्रोल आधीच काढून टाकावे. आता पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते आणि इथेनॉल पाणी शोषते. त्यामुळे टाकीच्या झाकणाचे रबर आणि जुन्या गाडीच्या पेट्रोल नळ्या पूर्वीपेक्षा अधिक वेळा पाहाव्या लागतात.

प्लग काढण्याआधी त्याच्या मुळाशी हवा मारावी किंवा ब्रश फिरवावा, कारण तिथली वाळू सरळ सिलिंडरमध्ये पडते. काढलेला प्लग इंजिनाची प्रकृती सांगतो. टोक फिकट तपकिरी असेल तर जळण ठीक आहे. कोरडी काजळी असेल तर पेट्रोल जास्त जाते आहे किंवा एअर फिल्टर तुंबला आहे. काळा आणि तेलकट ओला असेल तर तेल वर येते आहे. पांढरा, भाजल्यासारखा प्लग सर्वांत काळजीचा : इंजिन प्रमाणाबाहेर तापते आहे, बहुधा कुठून तरी जादा हवा आत शिरते आहे. फट पुस्तिकेप्रमाणे, म्हणजे गाडीनुसार ०.६ ते ०.९ मिलिमीटरच्या दरम्यान ठेवायची. परत बसवताना पहिले तीन-चार आटे बोटांनीच फिरवावेत. हेड ॲल्युमिनियमचे आहे आणि पान्याने वाकडा घुसवलेला प्लग त्याचे आटे घेऊन जातो.

तेल

मोटरसायकलचे इंजिन तेलावर मोटारीपेक्षा जास्त भार टाकते. मोटारीत गिअरबॉक्सचे तेल निराळे असते. मोटरसायकलमध्ये बहुधा एकच तेल पिस्टन, गिअर आणि क्लच या तिघांना पुरते, आणि तेही लिटरभर किंवा त्याहून थोडे कमी. गिअरचे दात या तेलातले लांब साखळ्यांचे रेणू चिरडतात आणि त्याचा दाटपणा घटतो. क्लचच्या प्लेटा त्याच तेलात बुडालेल्या असतात. मोटारीच्या काही तेलांत घर्षण कमी करणारी रसायने असतात; ती इथे टाकली की क्लच घसरू लागतो. म्हणूनच १९९०च्या दशकाच्या अखेरीस जपानमध्ये मोटरसायकलच्या तेलासाठी वेगळे मानक ठरले, आणि डब्यावर ‘जासो एमए’ किंवा ‘एमए-२’ असे लिहिलेले असते ते यासाठी. दाटपणाचा आकडाही पुस्तिकेतलाच घ्यावा. स्प्लेंडरला १०डब्ल्यू-३० चालते, पल्सरच्या अनेक इंजिनांना २०डब्ल्यू-५० सांगितलेले आहे. ‘जाड तेल टाकले की इंजिन टिकते’ हे सरसकट खरे नाही, कारण गार इंजिन सुरू होताना जाड तेल वरच्या कॅमपर्यंत उशिरा पोचते आणि झीज बरीचशी त्याच क्षणी होते.

तेल काळे पडले म्हणजे खराब झाले असे नाही. त्यातले डिटर्जंट काजळी सुटी करून स्वतःत धरून ठेवते, म्हणून ते काळे होते. खरी चिंतेची खूण म्हणजे तेलाला आलेला दुधी, चहासारखा रंग. त्याचा अर्थ तेलात पाणी आहे. एक लिटर पेट्रोल जळले की सुमारे एक लिटर पाणी वाफेच्या रूपात तयार होते. इंजिन तापलेले असेल तर ती वाफ सायलेन्सरमधून निघून जाते. पण दिवसातून चार वेळा एकेक किलोमीटर चालणाऱ्या गाडीत इंजिन तापतच नाही. रिंगांमधून निसटलेली वाफ खाली तेलात उतरते आणि तिथेच पाणी होऊन राहते. त्यामुळे रोज थोडी-थोडी चालणारी गाडी लांब पल्ल्याच्या गाडीपेक्षा कमी किलोमीटरला तेल मागते. अशा गाडीला आठवड्यातून एकदा वीस-पंचवीस किलोमीटर फिरवून आणणे तेलासाठी चांगले. इंजिनाच्या श्वासनळीच्या खालच्या टोकाला बूच असते. त्यात साचलेले तेलकट पाणी प्रत्येक सर्व्हिसिंगला काढायचे असते, पण तेही बहुतेकांच्या लक्षात येत नाही.

तेल बदलताना इंजिन कोमट असावे, म्हणजे गाळ तरंगत बाहेर येतो. ड्रेन नट सोडल्यावर त्याचा वायसर तपासावा. तो दबून गेला असेल तर नवा घालावा, कारण झिरप थांबवायला नट जास्त आवळला की क्रँककेसचे आटे जातात. गाडी मधल्या स्टँडवर सरळ उभी करून तेल पूर्ण निथळू द्यावे. नवे तेल ओतल्यावर दोन-तीन मिनिटे इंजिन चालवून बंद करावे, थोडे थांबावे आणि मगच तेलाची पातळी दाखवणारी पट्टी पाहावी. बऱ्याच गाड्यांत पट्टी आट्यांवर फक्त टेकवून पाहायची असते, फिरवून बसवायची नसते. आटे लावून पाहिले तर पातळी आहे त्यापेक्षा जास्त दिसते आणि इंजिन कमी तेलावर चालत राहते. वरच्या खुणेच्या पुढेही तेल भरू नये. जादा तेल श्वासनळीतून फिल्टरच्या डब्यात जाते.

या शंभर सीसीच्या इंजिनात मोटारीसारखा कागदी ऑइल फिल्टर नसतो. तळाशी एक जाळी असते आणि क्रँकच्या उजव्या टोकावर एक फिरती वाटी. क्रँक मिनिटाला हजारो फेरे घेतो. त्या वेगाने वाटीतले जड कण, धातूचा कीस आणि काजळी कडेला फेकले जातात आणि तिथेच जमतात. साफ तेल मधून पुढे जाते. क्लच कव्हर काढून ही वाटी उघडली की तिच्या कडेला शिसपेन्सिलीच्या रंगाचा, लोण्याइतका दाट लगदा बसलेला दिसतो. तो लाकडी काडीने काढून वाटी पेट्रोलने धुवावी लागते. वेळच्या वेळी तेल बदलूनही ही वाटी कधी उघडलीच नाही, तर ती भरून जाते आणि पुढचा सगळा गाळ तेलाबरोबर बेअरिंगपर्यंत पोचतो. तेल बदलणे रस्त्याकडेच्या दुकानातही होते. वाटीसाठी कव्हर आणि पॅकिंग काढावे लागते, त्यामुळे ती सर्व्हिसिंगमधून गळते. गाडी मालकाने ती आवर्जून मागायची गोष्ट आहे.

काढलेले तेल गटारात किंवा जमिनीवर ओतू नये. जळक्या तेलात त्वचेला आणि पाण्याला घातक संयुगे असतात. ते डब्यात भरून जळके तेल गोळा करणाऱ्यांकडे द्यावे आणि हात लगेच साबणाने धुवावेत.

टॅपेट

व्हॉल्व्ह, म्हणजे झडप, उघडणारी दांडी आणि झडपेचे टोक यांत एक बारीक फट ठेवलेली असते; तीच टॅपेटची फट. तापल्यावर धातू वाढतो, त्याला जागा हवी म्हणून. या आडव्या इंजिनांत ती सुमारे ०.०५ मिलिमीटर असते, माणसाच्या केसाच्या जाडीहूनही कमी. फट वाढली की टिकटिक ऐकू येते आणि मालक गॅरेज गाठतो. पण फट कमी झाली की आवाज उलट कमी होतो, आणि धोका नेमका इथे आहे. झडपेची बैठक झिजत जाते तशी झडप आत सरकते आणि फट हळूहळू बुजते. मग झडप पूर्ण मिटत नाही. एक्झॉस्ट झडप आपली बरीचशी उष्णता मिटलेल्या अवस्थेत बैठकीतूनच बाहेर टाकते. ती टेकलीच नाही तर तिची कड जळते, काँप्रेशन जाते आणि गाडीला किक मारून मारून पाय दुखतो. आवाज नाही म्हणून टॅपेट पाहिले नाही, असे करून चालत नाही.

काम थंड इंजिनावर, म्हणजे सकाळी, करायचे. प्लग काढून क्रँक हाताने फिरवावा आणि फ्लायव्हीलवरची ‘टी’ खूण नेमक्या रेषेवर आणावी. दोन्ही झडपांच्या दांड्या किंचित हलत असतील तर पिस्टन काँप्रेशनच्या टोकावर आहे; हलत नसतील तर आणखी एक फेरा द्यावा. फिलर गेजचे पान फटीत घालून ओढावे. ते थोडे घासत, पण न अडकता निघाले पाहिजे. स्क्रू जागेवर धरून नट आवळताना स्क्रू बहुतेक वेळा किंचित फिरतोच, म्हणून नट आवळल्यावर पान पुन्हा एकदा घालून पाहावे. हे शेवटचे पाहणे घाईत राहून जाते आणि केलेली सगळी मेहनत वाया जाते.

टू-स्ट्रोक गाड्यांचे जग वेगळे होते. १९८५ ते १९९६ या काळात भारतात निघालेली यामाहा आरएक्स १००, राजदूत, येझदी किंवा आकुर्डीत तयार झालेली बजाज चेतक यांत तेल पेट्रोलबरोबरच जळत असे. पिस्टनच्या माथ्यावर आणि सायलेन्सरमध्ये कार्बनचा थर बसे आणि गाडीचा दम जाई. ठराविक किलोमीटरला हेड उतरवून कार्बन खरवडणे हे तेव्हा नेहमीचे काम होते. आजच्या फोर-स्ट्रोक इंजिनाला त्याची गरज क्वचितच पडते. पडलीच तर मूळ दोष तेल वर येण्याचा असतो आणि नुसते खरवडून तो जात नाही.

पाण्यात बुडालेले इंजिन

२६ जुलै २००५ ला मुंबईत, ऑगस्ट २०१९ मध्ये सांगली-कोल्हापुरात आणि जुलै २०२१ मध्ये चिपळूणात असंख्य मोटरसायकली पाण्याखाली गेल्या. अशा गाडीला किक किंवा सेल्फ मारण्याची घाई हीच सर्वांत मोठी चूक. सिलिंडरमध्ये पाणी असेल तर ते दाबले जात नाही. पिस्टन वर येताना कनेक्टिंग रॉड वाकतो. आधी बॅटरीची तार सोडावी. मग प्लग काढावा आणि गाडी गिअरमध्ये घालून मागचे चाक हाताने सावकाश फिरवावे, म्हणजे प्लगच्या भोकातून पाणी बाहेर पडते. त्यानंतर सिलिंडरमध्ये दोन-तीन चमचे तेल टाकून चाक पुन्हा फिरवावे, म्हणजे भिंतींना गंज धरत नाही. एअर फिल्टरचा डबा, कार्बोरेटर, टाकी आणि सायलेन्सर रिकामे करावेत. इंजिनातले तेल काढावे. ते बहुधा दुधी असते. नवे तेल घालून इंजिन दहा-पंधरा मिनिटे चालवावे आणि तेही तेल काढून टाकावे, कारण गिअरांच्या कोपऱ्यांत राहिलेले पाणी आणि पुराचा बारीक गाळ पहिल्या खेपेला निघत नाही. गाळ असेल तर फिरती वाटी आणि तळाची जाळी उघडून धुवावी. दोन-तीनशे किलोमीटरनंतर पट्टी पाहावी आणि तेलात पुन्हा दुधी झाक दिसली तर तिसऱ्यांदा बदलावे. तीन वेळच्या तेलाचा खर्च नव्या क्रँकच्या कामापुढे फार थोडा आहे.